तापात फिट आली, आता पुन्हा येणार का? आपल्या पोराचा हिशोब घरी कसा लावायचा

मुलीला पहिल्यांदा तापात फिट आली तेव्हा ती १४ महिन्यांची होती. पहाटे साडेतीनची वेळ, आदल्या दिवसापासून सर्दी-ताप, मी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसलेले आणि अचानक तिने डोळे वर फिरवले, अंग ताठ केलं, मग हातपाय झटके द्यायला लागले, ओठ निळे. मला खरंच वाटलं की गेली. आता ती आठ वर्षांची आहे, पाढे म्हणताना चुकते तेवढंच, बाकी ठणठणीत. पण मधली तीन वर्षं मी थर्मामीटर उशीखाली घेऊन झोपलेय, आणि त्या तीन वर्षांत जे वाचलं, विचारलं, चुकून शिकले ते पहिल्याच आठवड्यात कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या पोराला तपासलेल्या डॉक्टरांचं म्हणणं आधी, माझं नंतर.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, इथे प्रश्न एक नाही दोन आहेत. पहिला, तापात पुन्हा फिट येईल का? दुसरा, पुढे जाऊन मिरगी लागेल का, डोक्यावर परिणाम होईल का? दोन्हींची उत्तरं वेगळी आणि ती काढायची कारणंही वेगळी. डॉक्टर डिस्चार्जच्या वेळी म्हणतात "घाबरू नका, काही होत नाही", ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि आपण ते पहिल्या प्रश्नाचं समजून निवांत घरी येतो. मग सहा महिन्यांनी पुन्हा फिट आली की वाटतं डॉक्टर खोटं बोलले, किंवा यांना काही कळलंच नाही, आणि मग सुरू होतं हे हॉस्पिटल ते हॉस्पिटल, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी), कुणाच्या सांगण्यावरून दृष्ट, गंडा-दोरा. दोन्हींची गल्लत मीही केली होती म्हणून सांगतेय.

आता हिशोब.

आधी फिट कसली होती ते त्याच दिवशी लिहून काढा

तापातली फिट म्हणजे साधारण ६ महिने ते ५ वर्षं या वयात, ताप १००.४ किंवा वर, आणि मेंदूज्वर, साखर कमी होणं असलं दुसरं कारण नाही. त्यात दोन प्रकार. साधी म्हणजे सगळं अंग एकसारखं झटके देतं, १५ मिनिटांच्या आत थांबते, २४ तासांत एकदाच येते. यातलं एक जरी मोडलं, म्हणजे एकाच बाजूचा हातपाय उडत होता, किंवा १५ मिनिटांच्या वर चालली, किंवा त्याच दिवसात परत आली, की ती कॉम्प्लेक्स. बहुतेक मुलांची साधीच असते.

गंमत अशी की वेळ आपल्याला अजिबात कळत नाही. मी तर शपथेवर सांगितलं असतं की दहा मिनिटं चालली. नंतर नवऱ्याचा फोन बघितला, शेजारच्या काकांना पहिला कॉल ३:३४ ला गेलेला आणि गाडी काढा म्हणून दुसरा ३:३७ ला, आणि त्या दुसऱ्या कॉलमध्ये काकांना मागे मुलगी रडताना ऐकू आलेली. म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. तेव्हा कॉल लॉग बघा, बिल्डिंगच्या कॅमेऱ्यात तुम्ही धावत बाहेर पडलेली वेळ बघा, आणि खरी वेळ लिहा. फिटनंतर मूल गुंगीत पडून राहतं, झोपतं, ती गुंगी फिटमध्ये धरायची नाही, झटके थांबले की फिट संपली. मात्र नंतर एक हात किंवा पाय लुळा वाटला तर ते लिहा आणि आवर्जून सांगा, कारण त्याने साधी-कॉम्प्लेक्सचा निकाल बदलतो.

पहिला प्रश्न: पुन्हा येईल का

सगळी मुलं एकत्र धरली तर साधारण तीनातल्या एकाला पुन्हा येते. पण हा सरासरीचा आकडा, तुमच्या पोराचा नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात पहिली फिट आलेल्या मुलांवर काही वर्षं लक्ष ठेवलं आणि त्यातून चार गोष्टी निघाल्या, त्या चार आजही वापरतात. त्या स्वतःला विचारा आणि हो असेल तिथे एक गुण द्या.

पहिली फिट दीड वर्षाच्या आत आली का. सख्ख्या नात्यात, म्हणजे आई, बाप, भाऊ, बहीण, कुणाला लहानपणी तापात फिट यायची का. फिट आली तेव्हा ताप तसा कमीच होता का. आणि ताप लक्षात आल्यापासून तासाभराच्या आतच फिट आली का.

त्या अभ्यासात शून्य गुणवाल्यांपैकी दोन वर्षांत पुन्हा फिट आलेली मुलं फक्त ४ टक्के होती. एक गुण असेल तर २३ टक्के, दोन असतील तर ३२, तीन म्हणजे ६२, आणि चारही असतील तर ७६ टक्के. फरक बघा केवढा आहे, आणि सगळ्यांना एकच "तीनातल्या एकाला येते" ऐकवतात.

यातल्या तिसऱ्या मुद्द्यावर, कमी तापाच्या, लोक अडखळतात, मीही अडखळले होते. आपल्याला वाटतं १०४ ताप चढला म्हणजे जास्त धोका. पुढच्या वेळेपुरतं बोलायचं तर उलटं आहे. १०४ ला फिट आली म्हणजे त्या मेंदूला फिट यायला तेवढा मोठा ताप लागला. १०१ ला आली म्हणजे उंबरठाच खाली आहे, पुढचा साधा सर्दीचा तापही तो ओलांडू शकतो. चौथ्या मुद्द्याचंही तेच, ताप अजून चढतोय न चढतोय तोवर फिट आली म्हणजे पटकन भडकणारा मेंदू.

दुसरा मुद्दा, नात्याचा, हा आपल्या घरांमध्ये सगळ्यात अवघड. फॉर्मवर फॅमिली हिस्टरी "नाही" असं आम्ही बिनधास्त लिहिलं होतं. आठवड्याने गावाहून नवऱ्याची मावशी भेटायला आली आणि सहज बोलून गेली, "अगं याला पण व्हायचं की असं, तीन वर्षांचा होईपर्यंत, डोळे पांढरे करायचा." सासूबाई एकदम गप्प. नंतर कळलं की आकडी येते म्हटलं की लोक नावं ठेवतात, उद्या लग्नाला अडतं, म्हणून ते घरात कुणी बोलायचंच नाही असं ठरलेलं. तेव्हा विचारताना "घरात कुणाला फिट आहे का" असं विचारू नका, लगेच नाही म्हणतात. "लहानपणी तापात डोळे फिरवायचा का, आचके द्यायचा का, ताप डोक्यात गेला म्हणून कधी दवाखान्यात नेलं होतं का" असं विचारा, आणि आजीपेक्षा आत्या-मावशीला विचारा, त्या खरं सांगतात.

तर आमचा हिशोब, वय १४ महिने एक गुण, बाप दुसरा गुण, ताप १०३ च्या वर होता म्हणून नाही, आदल्या संध्याकाळपासून होता म्हणून नाही. दोन गुण, ३२ टक्के. आणि आमची त्या ३२ मध्ये निघाली, २३ महिन्यांची असताना परत आली. पण या वेळी मला धक्का बसला नाही, भीती वाटली पण धक्का नाही.

कधीपर्यंत वाट बघायची तेही सांगते. पुन्हा येणाऱ्यांपैकी निम्म्यांना पहिल्या सहा महिन्यांत येते, चारातल्या तिघांना वर्षाच्या आत, आणि ९० टक्क्यांना दोन वर्षांच्या आत. म्हणजे जागं राहायचं ते पहिलं वर्ष. पहिली फिट वर्षाच्या आत आलेल्यांमध्ये जवळजवळ निम्म्यांना पुन्हा येते, आणि एकदा दुसरी आली की तिसरीचीही शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. तीन किंवा जास्त वेळा येणारी मुलं साधारण दहातलं एक. आणि पहिली फिट कॉम्प्लेक्स होती म्हणून पुन्हा येण्याची शक्यता फारशी वाढत नाही, तो मुद्दा दुसऱ्या प्रश्नात येतो.

दुसरा प्रश्न: पुढे काय

ज्यांना कधीच तापात फिट आली नाही अशा मुलांमध्येही शंभरात अर्धा ते एक जणाला एपिलेप्सी, म्हणजे मिरगी, होते. साधी फिट येऊन गेलेल्यांमध्ये हा आकडा १ ते २ टक्के. अमेरिकेतल्या सुमारे १७०० मुलांचा अभ्यास १९७६ मध्ये छापून आला, मुलं सात वर्षांची होईपर्यंत बघितली होती, त्यातही सगळी प्रकरणं मिळून साधारण २ टक्केच. पुढे २०१९ मध्ये डेन्मार्कने आपल्या देशातल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, ३० वर्षांपर्यंतच्या, त्यात आकडे मोठे आले, विशेषतः तीन वेळा फिट आलेल्यांमध्ये साधारण १६ टक्के. घाबरू नका, त्यात साधी आणि कॉम्प्लेक्स अशी वेगवेगळी केलेली नव्हती आणि कालावधीही खूप मोठा होता. पण तीन-चार वेळा आली तर "काय होतंय" म्हणून सोडून देऊ नका, एकदा बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा, एवढं त्यातून घ्या.

आता इथले गुण वेगळे. फिटच्या आधीपासून मुलाचं चालणं-बोलणं, वाढ मागे होती का. फिट कॉम्प्लेक्स होती का. घरात कुणाला एपिलेप्सी, म्हणजे ताप नसतानाच्या फिट आहेत का. आणि ताप आल्या आल्या तासाभरात फिट आली का. वरच्या यादीशी ताडून बघा, दोन्हीकडे सामाईक फक्त शेवटचा मुद्दा आहे. लहान वयामुळे पुन्हा येण्याची शक्यता वाढते, पण म्हणून मिरगीची वाढते असं नाही. बापाला तापात फिट यायची म्हणून पोराला पुन्हा येईल कदाचित, पण त्याने मिरगी ठरत नाही. माझ्या सासूबाई नेमक्या याच दोन गोष्टींची गल्लत करून तीस वर्षं गप्प बसल्या होत्या.

कॉम्प्लेक्समध्येही सगळं सारखं नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मुलं २५ वर्षांची होईपर्यंत बघितली, त्यात साधी फिटवाल्यांना २.४ टक्के, कॉम्प्लेक्सचं एक लक्षण असलेल्यांना ६ ते ८ टक्के, दोन असतील तर १७ ते २२, आणि तिन्ही असतील तर निम्म्यांना एपिलेप्सी झाली. तिन्ही एकत्र असणारी मुलं अगदी थोडी असतात. पण म्हणूनच सुरुवातीला सांगितलं की एकच बाजू उडत होती का, किती मिनिटं चालली, ते नीट लिहा, सगळा हिशोब त्यावर उभा आहे.

बुद्धीचं काय? याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती. ब्रिटनमध्ये १९७० च्या एप्रिलमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या सगळ्या मुलांचा मागोवा ठेवलाय, त्यातल्या तापात फिट आलेल्या मुलांना दहाव्या वर्षी तपासलं तर वाचन, गणित, वागणूक, सगळं बाकीच्यांसारखंच. अमेरिकेत सख्ख्या भावंडांशी तुलना केली, सातव्या वर्षी बुद्ध्यांकात फरक नाही. साध्या फिटने मेंदूला इजा होत नाही हे आता वादाचं राहिलेलं नाही. अर्धा तास किंवा जास्त चाललेली फिट मात्र वेगळी, तिने मेंदूच्या काही भागावर परिणाम होऊ शकतो, तिचा पाठपुरावा वेगळा असतो.

आणि एक छोटा पण महत्त्वाचा गट. वर्षाच्या आतलं बाळ, लांब चालणाऱ्या फिट, कधी उजवी बाजू कधी डावी, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर किंवा अगदी किरकोळ तापातही, आणि मग हळूहळू ताप नसतानाही. हे साधं नाही. ड्रॅव्हे सिंड्रोम नावाचा जनुकीय आजार असाच सुरू होतो आणि त्यात फिटची काही नेहमीची औषधं उलट त्रास वाढवतात. अशा वेळी "मोठा झाला की जाईल" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका.

मग टाळता येतं का

पॅरासिटामॉल वेळेवर दिलं तर पुढच्या आजारपणात फिट येणार नाही, असं सगळ्यांना वाटतं, मीही चार-चार तासांनी गजर लावून उठवून पाजलंय. अभ्यास सांगतात की त्याने पुढच्या फिट टळत नाहीत. मग द्यायचं कशाला, तर पोराला बरं वाटावं, पाणी प्यावं, झोपावं म्हणून. म्हणजे फिट आली तर "मी औषध उशिरा दिलं" हा अपराधीपणा नको, आणि सासूनेही तो सुनेवर टाकू नये. एक सावधगिरी, आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदीत मिळतं, ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ आणि ५ मिलीत २५०, आणि ड्रॉप्स त्याहून कितीतरी जास्त कडक. बाटली बदलली की माप बदलतं, वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या. बर्फाचं पाणी, गार पाण्याची आंघोळ नको, अंगावर तीन गोधड्याही नको.

रोजचं फिटचं औषध साध्या फिटसाठी देत नाहीत. पूर्वी फेनोबार्बिटोन सर्रास द्यायचे, १९९० मध्ये त्याचा नीट अभ्यास झाला तर दोन वर्षांनी औषध घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी आठ गुणांनी कमी भरला आणि फिटही काही टळल्या नाहीत. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हा. तापापुरतं दोन-तीन दिवस द्यायचं क्लोबाझाम आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात. भारतातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये ते वारंवार फिट येणाऱ्यांसाठी आहे, जसं सहा महिन्यांत तीन किंवा वर्षात चार, आणि आणखी काही ठरावीक परिस्थितींत. माझ्या नणंदेच्या मुलाला देतात, त्या दिवसांत तो पिऊन आल्यासारखा झोकांड्या खात चालतो, आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ती बिचारी त्याला घेऊन परत दवाखान्यात पळाली होती. तर देणार असतील तर गुंगी, तोल जाणं हे होतं हे माहीत असू द्या, कारण ती गुंगी मेंदूज्वराची गुंगी झाकूही शकते.

रक्त कमी असेल तर तपासून घ्या. लोहाची कमतरता आणि तापातली फिट यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय आणि आपल्या देशात पाच वर्षांखालची दर तीनातली दोन मुलं ॲनिमिक आहेत. लोहाने फिट थांबेलच असं नाही, पण ती कमतरता तशीही भरून काढायचीच आहे.

लस बंद करू नका. ट्रिपलची (डीपीटी) लस दिल्यावर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी, आणि गोवरची दिल्यावर साधारण आठवडा-दीड आठवड्याने ताप येतो, त्यात फिट येऊ शकते, पण तीही तापातलीच फिट, पुढचा परिणाम तसाच नगण्य. त्या तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा, बस. गोवर होण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

परत आलीच तर

कुशीवर वळवा, लाळ बाहेर येऊ द्या, आजूबाजूचं टणक सामान बाजूला, घड्याळ बघा, दुसऱ्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. दातखिळी बसली म्हणून तोंडात चमचा, बोट, काही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात पाणी नाही, बिब्ब्याचा डाग तर मुळीच नाही. आमच्या काकांनी पहिल्या रात्री कांदा फोडून आणला होता, तीन मिनिटांत फिट थांबली, ते आजही सांगतात की कांद्यानेच थांबली. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, त्यामुळे नाकाशी जे धराल त्याचं नाव होतं.

पाच मिनिटं झाली आणि थांबत नाही, तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे. वजनाप्रमाणे किती वेळा मारायचा ते चिठ्ठीवर लिहून बाटलीलाच चिकटवा, त्या क्षणी काही आठवत नाही. एक्सपायरी बघत राहा. आमचा स्प्रे कधी वापरावाच लागला नाही, दोन बाटल्या तशाच फेकल्या. प्लेस्कूलमध्येही तीच चिठ्ठी द्या आणि बाईंना एकदा समोर बसून सांगा, लपवू नका. १०८ ला फोन लावा जर पाच मिनिटांच्या वर गेली, परत आली, श्वास नीट नाही, किंवा अर्ध्या-पाऊण तासानेही मूल ओळखत नाही.

आणि पहिली फिट असो की पाचवी, त्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण ताप कशाने आलाय ते शोधायचं असतं. मान कडक, सारख्या उलट्या, टाळू फुगलेली, अंगावर जांभळे डाग, तर मेंदूज्वराची शंका. बाळ वर्षाच्या आतलं असेल आणि लसी राहिल्या असतील, किंवा आधीच अँटिबायोटिक चालू असेल, तर डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतील, तेव्हा नाही म्हणू नका. पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं ही निव्वळ अफवा आहे, सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात. उलट साध्या एका फिटसाठी, मूल खेळायला लागलेलं असताना, कुणी लगेच ईईजी आणि एमआरआय लिहून दिला तर का म्हणून विचारा. साध्या फिटमध्ये त्यातून पुढचं काही कळत नाही, आणि एमआरआयसाठी लहान मुलाला झोपवावं लागतं ते वेगळंच.

सहा वर्षांनंतरही तापात फिट येतच राहिली, किंवा कोणत्याही वयात एकदा जरी ताप नसताना आली, तर वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवा, तो प्रकार वेगळा, त्याची वही नव्याने उघडायची आणि तारीख, वेळ, व्हिडिओ घेऊन थेट बालमेंदूतज्ज्ञांकडे जायचं.